शिस्तीच्या गारा

गारा वाटाण्याएवढ्या होत्या. फोनवर मी त्या लिंबाएवढ्या केल्या. माझी चूक म्हणाल तर एवढीच. पुढचं सगळं आपोआप होत गेलं.

आमची ही लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली, ती तिकडचीच झाली. नात पालथी पडायला लागली तरी आजीबाई परतायचं नाव घेईनात. इकडे घर खायला उठलेलं. चहा दोन कप टाकायची सवय काही जाईना, आणि दुसराही मलाच प्यावा लागे. (त्यानं पित्त झालं ते वेगळंच.) पण 'तुझ्यावाचून करमत नाही' हे माझ्या वयाच्या नवऱ्यानं म्हणायचं कसं? जीभच वळत नाही हो! त्यापेक्षा छप्पर उडाल्याचं सांगणं सोपं.

"अगं, वारा काय, गारा काय! पत्र्यांची पार चाळण झाली."

"अगं बाई! मग विमा कंपनीला कळवा. त्यांचा माणूस येऊन बघेल. घर राहण्याजोगं नाही म्हणाला, तर मी निघतेच."

'निघतेच' म्हणाली आणि माझी अक्कल चरायला गेली. वर जाऊन पाहतो तर पत्रे ठणठणीत. मग मी स्वयंपाकघरातला लोखंडी बत्ता घेतला, शिडी लावली आणि निसर्गानं अर्धवट सोडलेलं काम पुरं केलं. (त्या गारपिटीत माझा अंगठाही सापडला.)

कंपनीनं सर्व्हेअर म्हणून एक बाई पाठवल्या. पण त्या वर बघेचनात. पन्हळ चाचपली, दारातल्या पत्रपेटीच्या झाकणावर खडू आडवा घासला.

"मॅडम, छप्पर वर आहे," मी नम्रपणे सुचवलं.

"गारांना ते माहीत नसतं, काका. त्या सगळीकडे पडतात. खडू घासला की खोलगट जागा कोरी राहते. इथे एकही नाही."

मग त्या वर चढल्या, मी मागोमाग शिडीवर. त्यांनी पत्र्यांच्या कडा हलवून पाहिल्या; वारा म्हणे आधी कडेलाच हात घालतो. शेवटी माझ्या कलाकुसरीपाशी येऊन बसल्या.

"गारा कशाही, कुठेही पडतात. या मात्र शिडीवरून हात पोचेल तेवढ्यातच पडल्यात. आणि एका रांगेत."

"शिस्तीच्या असतील," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या अंगठ्याच्या पट्टीकडे पाहिलं.

मी हातच जोडले. "मॅडम, मला दमडी नको. फक्त घर राहण्याजोगं नाही, एवढं म्हणा."

"पॉलिसी काकूंच्या नावावर आहे. काय ते त्यांनाच सांगावं लागेल." आणि बाईंनी तिथूनच फोन लावला! पॉलिसी हिच्या नावावर आहे हे मी साफ विसरलो होतो.

"नमस्कार, काकू. वाऱ्यानं, गारांनी काही नुकसान नाही. काकांनी थोडं केलंय. कशानं? काहीतरी गोल, जड... हो, बत्ता असू शकेल."

फोन माझ्या हातात आला.

"अहो, वेड लागलंय का? या वयात छपरावर? पडला असतात म्हणजे?"

"मग तरी आली असतीस ना?"

बाई उगाचच खडू झटकत दुसरीकडे बघत होत्या. आणि इतके महिने न वळलेली जीभ शिडीवर वळली. "करमत नाही गं. ये ना आता."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"येते," ती म्हणाली.

रविवारी आली. मागून लेक, नात, पाळणा आणि टॅक्सीभर बोचकी! ("लेकीला एकटीला कशी सोडू?") आतल्या खोलीत त्या तिघी, माझी गादी बाहेरच्या खोलीत. आधी आमच्यामध्ये अख्खा प्रवास होता, आता एक भिंत आहे.

दुपारी भिंतीपलीकडून तिचा आवाज येतो. "कोण गं माझं सोनं? कोणावाचून करमत नाही आजीला?" मी कान देऊन पडून राहतो. ती घरात आहे आणि तरीही मला तिची आठवण येते. काल अगदीच राहवेना, म्हणून भिंतीवर हळूच टकटक केली.

आतून लगेच उत्तर आलं.

"अहो, ती ठोकाठोक पुरे आता! बाळ उठेल."