तीनशे सातचा साबण

मी आयुष्यात कुठलीही वस्तू वाया घालवलेली नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो! खोटं वाटत असेल तर आमच्या माडीवरच्या खोलीतलं कपाट बघा. म्हणजे, गेल्या महिन्यापर्यंत बघायला हवं होतं.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. कंपनीची नोकरी आहे. गोदामांतले, कारखान्यांतले काटे तपासत गावोगाव हिंडायचं आणि कंपनी सांगेल त्या हॉटेलात उतरायचं. हॉटेलवाले बाथरूममध्ये रोज चिमुकला साबण, शाम्पू, कंडिशनर, टूथपेस्ट, डोक्याला घालायची प्लॅस्टिकची टोपी आणि सुई-दोऱ्याची पुडी ठेवतात. आता मला सांगा, ज्याच्या डोक्यावर मोजून चार केस उरलेत, त्याने कंडिशनर लावायचा कशाला? पण तिथे ठेवून तरी कसं यायचं? म्हणून मी घरी आणतो. वीस वर्षं आणतोय. कपाटाचं दार लागेनासं झालं होतं.

"ते कपाट आज रिकामं करा," त्या रविवारी सकाळी बायको म्हणाली. "चार वाजता त्या बाई खोली बघायला येणार आहेत."

"करतो की उद्या."

"उद्या? तुमच्या आत्येभावांचा फोन आला होता. विचारत होते, माडी रिकामीच आहे ना?"

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. आत्येभाऊ मागे आठ दिवसांसाठी म्हणून आले आणि अख्खा हिवाळा काढून गेले. ते ट्रंपेट वाजवतात. वाजवतात म्हणजे, शिकतात. पहाटे! आणि त्यांना तोंडावर नाही म्हणायची आम्हा दोघांत कुणाचीच छाती नाही. खोलीत भाडेकरू बसवणं हा एकच उपाय उरला होता.

"ह्या बाई हातच्या गेल्या ना," बायको बोट नाचवत म्हणाली, "तर मी माहेरी जाईन. ट्रंपेट तुम्ही ऐकत बसा! फेकून द्या ते सगळं!"

फेकून! मला ऐकवेना. मी म्हटलं, "फेकायचं कशाला? चारच्या आत सगळं वापरून दाखवतो. खोली अशी करतो की बाई बघतच राहतील!"

बाई बघत राहिल्या, एवढं खरं.

सुरुवात झकास झाली. भिंतीतली खिळ्यांची भोकं टूथपेस्टने बुजवली. पांढरी भिंत, पांढरी पेस्ट, कुणाला पत्ता लागणार? पडद्याची उसवलेली शिवण पुड्यांतल्या दोऱ्यांनी घातली. पुडीत एकेका रंगाचा दोरा वीतभरच असतो, त्यामुळे पडद्याला आधी लाल, मग हिरवी, मग जांभळी शिवण आली. असो. साबण कपाटाच्या खणाखणांत वासासाठी मांडले. पलंगावर चादर घातली, टॉवेलच्या घड्या केल्या. ह्यात मला शिकायचं काही नव्हतं. वीस वर्षं हॉटेलातल्या खोलीत शिरताना जे बघितलं, तेच केलं.

राहिला जिना. बाहेरून माडीवर जाणारा फरशीचा जिना, त्याला लाकडी कठडा. लाकूड पार सुकलं होतं. मी विचार केला, जो केसांना मऊ करतो तो लाकडाला का करणार नाही? झाडून सगळा कंडिशनर कठड्याला चोळला. काय चमकला म्हणता! मग सगळा शाम्पू बादलीत ओतला आणि जिना धुवायला घेतला.

शाम्पूचं एक असतं. पाणी ओतलं की फेस होतो. फेस घालवायला आणखी पाणी ओतलं की आणखी फेस होतो. मी बादल्यांवर बादल्या ओतत होतो आणि खालच्या पायऱ्या दिसेनाशा होत होत्या.

"अहो! त्या आल्या!" फाटकातून बायकोची हाक आली.

"चारला येणार होत्या ना?"

"वेळेआधी जाऊन बघायची सवय आहे मला," बाई म्हणाल्या. "कामाचा भाग आहे."

बाई इस्त्रीच्या घडीतून नुकत्याच काढल्यासारख्या नीटनेटक्या होत्या, पण रस्ता खणलेला असल्यामुळे बुटांना चिखल लागला होता. त्या बूट काढायला वाकल्या.

"छे, छे! ओलं आहे, पाय भिजतील!" मी धावलो आणि खिशातून दोन प्लॅस्टिकच्या टोप्या काढल्या. "ह्या बुटांवर चढवा."

"वा!" बाई खूश झाल्या. "इतकी काळजी घेणारं घर मी बघितलं नाही."

मी बायकोकडे बघितलं. तिनेही मान डोलावली. आमच्या संसारात असे क्षण फार येत नाहीत.

अर्ध्या जिन्यावर बाईंचा पाय सटकला.

"कठडा धरा!" बायको ओरडली.

बाईंनी कठडा धरला. नसता धरला तर बरं झालं असतं! हात कठड्यावरून सरसरत खाली निघाला, हातामागोमाग बाई निघाल्या, आणि खाली मी उभा होतो. दोघंही फेसात बसलो.

"लागलं का हो?" बायको रडकुंडीला आली होती.

बाईंना लागलं नव्हतं. फेस भरपूर होता. त्यांनी हात नाकाशी नेला. "लिंबू आणि आलं," त्या म्हणाल्या. "हा आमचा कंडिशनर आहे." मग पायातली टोपी काढून तिच्यावरची अक्षरं वाचली. "टोपीही आमचीच."

"तुमची म्हणजे?"

"अहो, त्या हॉटेलात हाउसकीपिंगच्या मुख्य आहेत!" बायको कळवळून म्हणाली. "आता बदली होऊन इकडच्या शाखेत आल्यात. सकाळी सांगितलं नव्हतं का मी?"

सांगितलं असेल. सकाळी मी कपाटात डोकं घालून बसलो होतो.

"आमच्याकडे उतरता वाटतं?" बाईंनी विचारलं.

"कधीमधी."

"कितवा मजला?"

"तिसरा."

बाईंनी चष्म्यावरचा फेस पुसला. "जरा म्हणा बघू, 'साबण संपला.'"

"अं?"

"म्हणा तर."

"साबण संपला," मी म्हटलं.

"तीनशे सात!" बाई ओरडल्या. "रोज संध्याकाळी फोन करणारे! मी म्हणायची, हा माणूस साबण खातो की काय!"

मी फेसात आणखी खाली सरकलो. बायकोने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. आत्येभाऊ!

तिने फोन घेतला नाही. "ताई," ती काकुळतीने म्हणाली, "एकदा खोली तरी बघून जा."

बाई अनवाणी, भिंतीला धरून वर गेल्या. भिंतीचा वास घेतला आणि हाताला लागलेली पेस्ट बघितली. पडद्याच्या शिवणीतले रंग बोटाने मोजले. मग कपाट उघडलं. "हे साबण आमचे. आणि हे आमच्या समोरच्या हॉटेलचे! तिकडेही जाता?"

"कंपनी पाठवते."

मग त्या पलंगापाशी गेल्या. चादर ओढून बघितली. सुटली नाही. बाथरूममध्ये डोकावल्या. टॉवेल ओळीत होते, कागदाच्या गुंडाळीचं टोक मी त्रिकोणी दुमडलं होतं.

"ही चादर कुणी घातली?"

"मी," मी खाली बघत म्हटलं.

"आमच्या पोरांना महिनाभर शिकवते, तरी हा कोपरा जमत नाही त्यांना." बाईंनी चादरीवरून हात फिरवला. "खोली घेतली मी. अट एकच. माझ्या साबणाला हात लावायचा नाही!"

बायकोला हसू आवरेना. लगेच तिने फोन लावला. "भाऊजी, काय सांगू! खोली आत्ताच गेली हो! फार वाईट वाटतंय!" इतकं सुंदर खोटं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

बाई राहायला आल्या. शांत, टापटीप, वेळच्या वेळी भाडं. पहिल्याच शनिवारी फाटकात टेंपो थांबला.

"हॉटेलने नव्या बाटल्या घेतल्या," बाई आनंदाने सांगत होत्या. "जुना माल फेका म्हणाले. मला फेकवेना. मग आठवलं, आपले तीनशे सात आहेत ना! विचारून आणलंय हो सगळं!"

टेंपोवाला खोकी उतरवत होता. उतरवतच होता. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. बाईंना तोंडावर नाही म्हणायचं कुणी? माडी पुन्हा रिकामी झाली तर?

खोकी आमच्या पलंगाखाली आहेत, स्वयंपाकघरात आहेत, सोफ्याच्या मागे आहेत. तेव्हा कुणाला साबण-शाम्पू हवा असेल तर अवश्य या. पिशवी तुमची आणा. आणि जिन्याने वर गेलात तर कठडा मात्र धरू नका. तो अजून मऊ आहे!