नत्थूजींचे चिचोके

आमच्या शेजारच्या नत्थूजींकडे पाहुण्याला पाण्याआधी चिचोके मिळायचे. खायला नव्हे, पाहायला. ओसरीवर चिचोके मांडायचे, वर दुपट्टा टाकायचा, आणि तो पापणी लवेपर्यंत उचलून पुन्हा झाकायचा. "सांग, किती?"

कुणी मोजताना नुसते ओठ जरी हलवले तरी संपलंच. "मोजून काहून राहिला बे? मोजाचं नाही, पाहाचं!"

मोहाडीत हातमागावर लुगडी विणण्यात त्यांचा जन्म गेला. ताण्यातला तुटका धागा मोजून सापडत नाही, तो नजरेला खुपतो, हे त्यांचं म्हणणं. त्यातून त्यांनी स्वतःचं एक शास्त्र काढलं होतं. चारपर्यंत डोळ्याला आपोआप कळतं, पुढे डोळा थापा मारतो. सहा चिचोके विस्कटून टाका, माणूस पाच म्हणेल नाहीतर आठ. तेच तीन-तीनच्या दोन ओळींत मांडा, शेंबडं पोरही सहा म्हणतं. "आकड्याले चेहरा लागते," असं ते म्हणत. मी घरी गुपचूप करून पाहिलं, तर खरं निघालं. त्यांना अर्थात सांगितलं नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी माझ्या बहिणीला पाहायला पवनीचा मुलगा आला. शेजारी म्हणून नत्थूजीही बैठकीत. पोहे यायच्या आत यांनी दुपट्टा उचलला! मुलगा घामाघूम होऊन म्हणाला, "नऊ?" होते सात.

"ज्याले सात चिचोके दिसत नाहीत, त्याले पोरगी काय दिसन?"

लग्न जमलं, पण माझे वडील वर्षभर नत्थूजींशी बोलले नाहीत. चुकीचं उत्तर नत्थूजींनी कधी कुणाचं चालवून घेतलं नाही, तलाठ्याचंसुद्धा.

त्यांना पुरून उरायची एकच व्यक्ती, त्यांची बायको काशीकाकू. मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता मान वळवून "अकरा" म्हणायच्या आणि अकराच निघायचे. नत्थूजी चिडायचे आणि दिवसभर गावाला सांगत फिरायचे.

गावात पहिला टीव्ही आला, त्या सुमारास काकूंची नजर गेली. नागपूरच्या डॉक्टरांनीही हात टेकले. नत्थूजींनी पाहुण्यांची परीक्षा बंद केली. आता रोज दुपारी ते फक्त काकूंसमोर बसत आणि रोज पाचच चिचोके मांडत, चार कोपऱ्यांत चार, मधोमध एक.

एकदा मी निंबू मागायला गेलो, तेव्हा हाच खेळ चालला होता. दुपट्टा त्यांनी कितीतरी वेळ वर धरला होता. पण मधला चिचोका घरंगळून माझ्या पायाशी आला होता. समोर चारच होते.

काकू भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "पाच. बहुत सोपं मांडता जी. उद्या जरा कठीण मांडजा."

माझ्या तोंडून काही निघण्याआधी नत्थूजींनी डोळे वटारले.

"बरोबर!" ते जोरात म्हणाले. मग वाकून माझ्या पायाजवळचा चिचोका उचलला आणि आवाज न होऊ देता मधल्या जागी ठेवला.