सत्तावन्न सालची बाटली

रेडीच्या धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर शेवाळ असतं, हे दत्तारामला बारा वर्षांपासून ठाऊक होतं. तरीही होडीतून उतरताना त्याने पहिला पाय नेमका तिथेच ठेवला. दुसरा पाय अजून होडीत होता आणि होडी मागे सरकत होती. दोन्ही हातांनी छातीशी धरलेला लाकडी खोका त्याने सोडला नाही. त्या खोक्यासकट तो पाण्यात बसला. त्याला धरायला वाकलेला कॅप्टन विल्कॉकही मागोमाग आला.

पाणी कमरेएवढंच होतं. कॅप्टनचा चष्मा मात्र गेला तो गेलाच.

"बाटल्या!" कॅप्टन ओरडला आणि लगेच सणसणीत शिंकला. त्याला कोलंबोपासून सर्दी होती.

दत्ताराम परदेशी बोटींत खनिज भरणाऱ्या कंपनीत हंगामी कारकून होता. कॅप्टनच्या बोटीवरून हा खोका आणायचं काम कंपनीचे मालक भाई यांनी मुद्दाम त्याच्यावर सोपवलं होतं. "खोको तूच हाड. दुसऱ्या कोणाच्या हातात देव नको. तुका कायम करूचो कागद माझ्या टेबलार आसा, तो संध्याकाळी बघूया," असं ते सकाळीच म्हणाले होते. त्यामुळे एक वेळ दत्ताराम बुडाला असता, पण खोका त्याने बुडू दिला नसता.

कंपनीच्या बंगल्यावर नेऊन खोका उघडला, तर दहाच्या दहा बाटल्या शाबूत! एकीलाही तडा नव्हता. दत्तारामने मनातल्या मनात वेतोबाला नारळ कबूल केला आणि बाटल्या पुसायला घेतल्या. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की बाटल्या अगदीच उघड्या-बोडक्या दिसताहेत. त्याने खोक्यात पाहिलं. तळाच्या भिजलेल्या गवतात दहाही लेबलांचा मिळून एकच लगदा झाला होता.

कॅप्टन चष्म्याशिवाय त्या लगद्यात अक्षरं शोधू लागला.

"हरकत नाही, साहेब," दत्ताराम आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. "दहाही बाटल्यांत एकच माल आहे ना?"

"एकच आणि एकच नाही!" कॅप्टनने नाक पुसत सांगितलं. त्याच्या देशातली ही अतिशय नावाजलेली लाल वाईन होती. ओळख असल्याशिवाय ती मिळत नसे. त्याचा मेव्हणा त्या मळ्यात कामाला होता, म्हणून एक्कावन्न सालापासून साठ सालापर्यंतची, दर वर्षाची एकेक बाटली त्याला जमवता आली. संध्याकाळी पाहुण्यांना ती साठ सालापासून मागे मागे जात, एकेक वर्ष करत चाखायला द्यायची होती.

"आणि उलटसुलट दिली तर?"

"तर ती नुसती दारू," कॅप्टन म्हणाला.

पाहुणेही साधे नव्हते. खुद्द भाई होते. दारूबंदीच्या त्या दिवसांत त्यांच्याकडे पिण्याचा डॉक्टरी परवाना होता, फक्त कोणत्या आजारासाठी ते त्यांना आठवत नसे. दुसरे पेडण्याचे डॉक्टर मिनेझिस. त्यांचा जन्म पोर्तुगीज वाईनच्या वासात गेलेला. त्यांच्यासमोर शोभा होऊ नये, म्हणून तर कॅप्टनचा हा सगळा खटाटोप.

एरवी कॅप्टनने चाखून वर्षं ओळखली असती. आज त्याच्या नाकाला काही कळत नव्हतं. परसात गणपत आचारी बांगडे भाजत होता आणि कॅप्टन विचारत होता, जेवणाला काय आहे. तरी बाटल्या आधी उघडून ठेवायलाच हव्यात म्हणून त्याने दहाही बुचं भराभर काढली आणि कोटाच्या खिशात टाकली. एक बूच खाली पडलं. दत्तारामने ते उचललं आणि त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, यावर साल छापलंय."

कॅप्टनने खिसा उलटा केला. दहा बुचांवर दहा सालं. पण कुठलं बूच कुठल्या बाटलीचं, ते आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"आमच्या घरी एक माणूस आहे," दत्ताराम शेवटी म्हणाला.

ते माणूस म्हणजे राधाबाई, दत्तारामची मावशी. आगळ करावं तर तिनेच. कोकमाच्या रसाचा एक थेंब जिभेवर ठेवून हा कुठल्या वर्षाचा, कुठल्या झाडाचा, त्या वर्षी पाऊस लवकर आला की उशिरा, ते ती सांगायची. बंगल्यावर आगळ आणि कोकम-सरबताचा रस तीच पुरवायची.

मावशी आली, बाटल्या पाहिल्या आणि दारातच थांबली.

"सोरो? माझ्या तोंडात? दत्ता, मेल्या, तुझी आवस असती तर तुका उभो चिरलो असतो!"

"मावशे, माझी नोकरी जाता गो!"

"जावंदे. शेती कर."

"गिळूचा नाय. जिभेर लावचा आणि थुकूचा. कायदो पिवक बंदी करता, थुकूक नाय."

मावशीने क्षणभर विचार केला. "थुकूचा आसात तर बघतंय. पण भांडा माका बंगल्याचा नको. आणि मगे न्हाणीत ऊन पाणी काढून ठेव."

म्हणून त्या नावाजलेल्या वाईनची चव घेण्यासाठी गणपतने नारळाच्या दहा करवंट्या घासून आणल्या. कॅप्टनने डोळे मिटून घेतले. मावशीने पदर खोचला, पहिली करवंटी तोंडाला लावली, रस गालातल्या गालात फिरवला आणि माडाच्या मुळात अशी पिचकारी मारली, की कॅप्टनने डोळे उघडले. त्याच्या देशातले जाणकारही असंच थुंकतात, असं त्याने दत्तारामला हळूच सांगितलं. फक्त त्यांचा नेम इतका चांगला नसतो.

"ह्यो नवो," मावशी म्हणाली. "जिभेर चढता. ह्यो त्याच्या फुडचो. हयसर ऊन लय पडलेला. ह्यो बघ, मवाळ झालो, म्हातारो तो."

पाच बाटल्या झाल्यावर तिने वर पाहिलं. "तुमी दोगव भायर जावा बघू. ह्यो लांबडो सायब माझ्या तोंडाकडे बघत ऱ्हवलो तर माका काय कळाचा नाय."

दोघं बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. आतून थुंकल्याचे आवाज येत होते, मग ते थांबले, मग काहीतरी ढवळल्यासारखं वाजलं. अर्ध्या तासाने मावशी बाहेर आली. आत दहा बाटल्या ओळीत उभ्या होत्या. "डावीकडसून सुरू करा," एवढं बोलून ती आंघोळीला गेली.

दिवेलागणीला पाहुणे जमले. दत्ताराम स्वतः वाढायला उभा राहिला, कारण दुसऱ्या कुणी बाटल्यांना हात लावणं त्याला परवडणारं नव्हतं. साठ सालची डॉक्टरांनी चाखली आणि मान डोलावली. एकोणसाठला पुन्हा मान डोलावली. अठ्ठावन्नला ते "बरोबर, बरोबर" म्हणाले. भाईंनीही "बरोबर" म्हटलं आणि सगळं एका घोटात संपवलं. दत्तारामच्या जिवात जीव आला.

सत्तावन्नला डॉक्टर थबकले. त्यांनी पेला दिव्यासमोर धरला, वास घेतला, पुन्हा एक घोट घेतला आणि डोळे मिटले. दत्तारामने बाटली टेबलावर ठेवली. तो "पाणी आणतो" असं पुटपुटून थेट स्वयंपाकघरात पळाला. मावशी तिथे आंघोळ करून, कपाळाला अंगारा लावून बसली होती.

"मावशे, चौथी बाटली चुकली काय गो?"

"चुकली कशी? ती बिघडलेली हुती. वास मारी. ओतून टाकलंय मी."

"ओतून टाकलंस? मगे त्या बाटलीत काय आसा?"

"रिकामी कशी धाडतलंय? नऊ बाटल्यांतसून थोडो थोडो काढलंय, आणि वरसून आपलो सरबताचो रस घातलंय. गेल्या वर्साचो. बरो हुतो."

बाहेरून भाईंची हाक आली, "दत्ताराम!" बळी द्यायच्या कोंबड्याच्या चालीने तो बाहेर आला.

डॉक्टर मिनेझिस उभे राहिले होते. त्यांचे डोळे चक्क पाणावले होते.

"कॅप्टन," ते म्हणाले, "मी लिस्बनमध्ये शिकलो, पण अशी वाईन कधी चाखली नाही. या एका वर्षात बाकीची सगळी वर्षं आहेत! आणि पाठीमागे काहीतरी असं आहे, की मला माझं बालपण आठवतं. आजीचं घर, परसदार... कशाची चव ते मात्र सांगता येत नाही."

सर्दीने गच्च झालेल्या कॅप्टनने तोच पेला तोंडाला लावला, काही न कळूनही अभिमानाने मान हलवली आणि म्हणाला, "सत्तावन्न साल आमच्याकडे फार नाजूक होतं."

पुढच्या सहा बाटल्या डॉक्टरांनी शिस्तीत चाखल्या, क्रमाबद्दल शब्दही काढला नाही, आणि शेवटी पुन्हा सत्तावन्नच मागितली. उरलेली बाटली ते पेडण्याला घेऊन गेले. भाईंनी जाताजाता दत्तारामच्या कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी कायम झालेल्या कारकुनाने पहिलं काम केलं ते कॅप्टनचं पत्र टाईप करण्याचं. पत्र मेव्हण्याला होतं : सत्तावन्न सालच्या मिळतील तेवढ्या सगळ्या बाटल्या माझ्यासाठी राखून ठेव. दत्तारामने ते एकही चूक न करता टाईप केलं.

पावसाळा सरला. हंगामाची पहिली बोट रेडीला लागली आणि कॅप्टन विल्कॉक तीन खोके घेऊन उतरला. या खेपेला त्याची सर्दी बरी होती आणि नवा चष्माही होता. तरी चेहरा पडलेला होता.

"सगळ्या सत्तावन्नच्या आहेत," तो दत्तारामला म्हणाला. "मेव्हण्याने चाखल्या, मी चाखल्या. चांगल्या आहेत, पण डॉक्टर म्हणाले होते तसं यात काहीच नाही. डॉक्टर उद्या येणार आहेत. तुझ्या मावशीला विचार, बोटीवर काय बिघडलं असेल?"

मावशी आली. एका बाटलीतला थेंब तिने करवंटीत घेतला, जिभेला लावला आणि माडाच्या मुळात थुंकली. मग तिन्ही खोक्यांवरून एकदा नजर फिरवली, मनाशी काहीतरी हिशेब केला आणि दत्तारामला बाजूला घेतलं.

"गणपताक घराकडे धाड," ती म्हणाली. "रसाची मोठी बरणी घेवन येवंदे."