खाली बसणारी बाटली

बाटलीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढं नितळ पाणी साचलं होतं. वर काळंभोर कच्चं तेल, आणि मधली रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ. सूनबाईंना हायसं वाटायला हवं होतं. पण शेजारच्या बाटलीतही हुबेहूब तशीच रेषा होती, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

विहिरीतून तेल वर येतं ते पाण्याचे बारीक थेंब पोटात घेऊन. प्रत्येक थेंबाभोवती तेलातली चिवट साय धरते, त्यामुळे थेंब एकत्र येत नाहीत, पाणी खाली बसत नाही आणि असलं पाणीमिश्रित तेल कुणी विकत घेत नाही. ती साय फोडणारं रसायन निवडणं हे सूनबाईंचं काम. दोन बाटल्यांतल्या तेलात दोन वेगळी रसायनं घातली होती. लाल झाकणाच्या बाटलीतलं चांगलं की निळ्या? आठवडाभर त्यांचं ठरत नव्हतं. प्रयोगशाळेला रंग लावणं चालू होतं, म्हणून बाटल्या घरी आणून खिडकीत ठेवल्या होत्या.

साहेबांचा फोन आला. "मॅडम, टाकी काठोकाठ भरलीय. आज सांगा, नाहीतर विहिरी बंद कराव्या लागतील."

"तासाभरात सांगते, सर."

फोन ठेवून त्या वळल्या, तर दोन्ही बाटल्यांत सगळं एकजीव, तपकिरी गढूळ!

"बाबा! यांना हात कुणी लावला?"

"मी," सासरे अभिमानाने म्हणाले. त्यांची हयात दवाखान्यात कंपाउंडरकी करण्यात गेली होती. "औषध तळाशी बसलं होतं गं. चांगल्या खळखळून ठेवल्यात."

"अहो, ते खाली बसायलाच ठेवलं होतं!"

"खाली बसायला? मग तसं लिहायचं ना वर!" मग जरा ओशाळून, "उलट्या बाजूने हलवू का?"

"तुम्ही हात मागे बांधून बसा," सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "मागे माझं अत्तरही असंच घुसळलं होतं यांनी!"

सूनबाई डोकं धरून बसल्या. आता नव्याने नमुना आणायचा म्हणजे दिवस गेला. सासरे खिडकीशी पहाऱ्याला बसले, पण जन्माची सवय ती! थोड्या वेळाने पुन्हा खळखळ ऐकू आली.

"बाबा!"

"अगं, ही लाल बघ, कशी शहाण्यासारखी एकजीव राहिलीय," सासरे वैतागून म्हणाले. "पण ही निळी मेली ऐकतच नाही. तीनदा हलवली, तीनदा पाणी तळाशी! असलं भिकार औषध मी जन्मात पाहिलं नाही."

सूनबाईंनी निळी बाटली उजेडात धरली. रेषा पट्टीने आखल्यासारखी होती. त्यांनी फोन उचलला.

"सर, निळं."