पेटीतला समुद्र

समुद्र घरात ठेवायचा म्हटला, तर जागा किती लागेल, सांगा बरं? देवळाली प्रवऱ्याच्या आबासाहेबांना विचाराल तर ते म्हणतील, दोन फूट बाय एक फूट, आणि तीही शिवणयंत्र जरा सरकवलं तर.

आबासाहेब साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. उसाच्या रसात काचेची नळी तरंगत सोडायची, तिच्यावरचा आकडा वाचायचा आणि लिहून ठेवायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे जगातल्या कुठल्याही पातळ पदार्थाला आपण नाडीवरून ओळखतो, असा त्यांचा समज होता. (घरचा चहा तेवढा त्यांना कधी जमला नाही.)

त्यांचा मेहुणा राधाकृष्ण रत्नागिरीला मासळी खात्यात होता. त्याच्या घरी काचेच्या पेटीत खाऱ्या पाण्यातले मासे पाहून आबासाहेब सहज म्हणून गेले, "यात काय अवघड? मी देवळालीत ठेवून दाखवतो."

बोलून ते विसरले. पण एकाहत्तर सालच्या संक्रांतीला राधाकृष्ण खरोखरच एस.टी.तून उतरला. बरोबर काचेची पेटी, हवा सोडायचा छोटा पंप, समुद्राच्या पाण्याचे चार कॅन, अंगठ्याएवढे दोन पट्टेरी मासे आणि एक भोकाभोकांचा दगड.

"दाजी, आता पाडव्याला येतो. तोवर हे दोघं जगले, तर सगळ्यांसमोर हात जोडीन."

"आणि नाही जगले तर?"

"तर मी काही बोलणार नाही," राधाकृष्ण गोड हसला. "अक्का आहेच की बोलायला."

अक्का म्हणजे विजयमाला. पहिल्या दिवशी तिने शिवणयंत्र हलवायला साफ नकार दिला. तिसऱ्या दिवशी माशांना थोरला आणि धाकटा अशी नावं दिली. आठवड्याने ती नवऱ्यापेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलू लागली. आबासाहेब रोज नळी सोडून पाण्याचा खारेपणा मोजत आणि दोन वेळा चिमूट चिमूट खाणं टाकत. (त्यांची चिमूट म्हणजे आपली मूठ.)

एका संध्याकाळी वीज गेली. आबासाहेबांनी कंदील पेटीजवळ नेला आणि ते दचकलेच. दगडाच्या भोकातून बोटभर लांब, गुलाबीसर, दोन्ही अंगांना पांढरी कुसं असलेला किडा सावकाश बाहेर येत होता.

"खोडकिडा!" आबासाहेब ओरडले. उसातला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? "आज दगड पोखरतोय, उद्या माशांवर येईल!"

शेजारच्या बायडाबाई काडेपेटी मागायला आल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं. "आमच्या उसाला औषिद मारत्यात, तसं मारा की."

"आणि थोरल्या-धाकट्याचं काय, मावशी?" विजयमाला म्हणाली. "औषधाची बाटली या घरात यायची नाही."

मग आबासाहेबांनी बाह्या सरसावल्या आणि किडा सरळ हाताने धरला. पुढच्या क्षणी किडा दगडात गेला होता आणि त्याची कुसं आबासाहेबांच्या बोटांत राहिली होती. काचेच्या पुडीत हात घातल्यासारखी आग!

"घुला, ती केसाळ अळी, लागल्यावानीच झालंय," असं म्हणून बायडाबाईंनी घरून काकवी आणली, आटवून दाट केली, कोमट असताना बोटांवर थापली आणि वाळल्यावर खसकन ओढली. कुसं निघाली. मनगटापर्यंतचे केसही निघाले.

तेव्हापासून आबासाहेब पेटीत हात घालीनात. त्यांनी बाटलीत सुकट घालून बाटली चिमट्याने दगडाजवळ आडवी ठेवली. सकाळी आत किडा! बाटली विजयमालेच्या हातात देऊन ते म्हणाले, "उकिरड्यावर टाक," आणि शिकाऱ्याच्या ऐटीत कामावर गेले. तीन आठवड्यांत कॅलेंडरवर अकरा रेघा झाल्या.

याच तीन आठवड्यांत घरात आणखी एक विचित्र गोष्ट घडत होती. फडताळात चिनी मातीची नवी बरणी आली होती, वर फडकं बांधलेली. जेवताना आबासाहेबांनी हात पुढे केला, की विजयमाला हातावर चापट मारी.

"हात लावू नका. मुरायचंय अजून."

शेवटी त्यांनी बायडाबाईंकडे गाऱ्हाणं नेलं. "मावशी, लोणचं मुरायला इतके दिवस?"

बायडाबाईंनी पदर तोंडाशी नेला. "ह्ये जरा येगळं हाय, आबा. लई मुरावं लागतं."

शेवटचा किडा गेला आणि पाणी बिघडू लागलं. आधी गढूळ, मग ताकासारखं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. आबासाहेब तासातासाला नळी सोडत होते.

"आकडा बरोबर आहे," ते म्हणाले.

"आकडा बरोबर आहे, पण धाकटा तिरका पोहतोय," विजयमाला म्हणाली. तिचे डोळे भरले होते, म्हणून आबासाहेबांनी नळी मुकाट्याने पुसून ठेवली.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी राधाकृष्ण आला. त्याने दारातच नाक वर केलं. मग पेटीत डोकावला.

"दाजी, दगडात किडे होते ना?"

"अकरा!" एवढं एकच चांगलं सांगण्यासारखं उरलं होतं, म्हणून आबासाहेबांनी ते छाती काढून सांगितलं. "एक ठेवला नाही."

राधाकृष्णाने हातातली पिशवी खाली ठेवली. "अहो, ते तुमचे झाडूवाले! उरलंसुरलं खाऊन तेच पेटी साफ ठेवतात. तुम्ही मूठमूठ टाकणार, हे ठाऊक होतं, म्हणून मुद्दाम भरपूर किड्यांचा दगड निवडला होता मी."

आबासाहेबांना कॅलेंडरकडे बघवेना. विजयमाला उठली, फडताळातली बरणी घेऊन आली आणि फडकं सोडलं. आत खारं पाणी होतं आणि त्यात अकरा किडे मजेत वळवळत होते.

"जीव मारवेना मला," ती खाली मान घालून म्हणाली. "रोज सुकटीचा एकेक कण घालत होते."

आबासाहेबांनी बरणीकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे. तीन आठवडे हा हात त्या बरणीसाठी पुढे होत होता.

बहीणभावांनी तळाचा गाळ काढला, शिल्लक राहिलेल्या दोन कॅनमधलं पाणी घातलं आणि किडे दगडावर सोडले. आबासाहेबांना कंदील धरायचं काम मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी निवळलं होतं, धाकटा सरळ पोहत होता, राधाकृष्णाने बायडाबाईंसमोर आपल्या अक्काला हात जोडले, आणि विजयमालेने थालीपिठाबरोबर लिंबाचं लोणचं वाढलं, ते आबासाहेबांनी ताटाच्या कडेला सारून थालीपीठ कोरडंच खाल्लं.