बावीस फुटांचा हार

जाहिरात यशस्वी व्हायला तीन गोष्टी लागतात : विकायची वस्तू, रस्त्याकडेची भिंत आणि विसरणारी माणसं. पहिल्या दोन कंपनीला उभ्या कराव्या लागतात. तिसरी आपोआप मिळते.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. अकोला रस्त्यावर, बडनेऱ्याच्या पुढे, माझा भाजीचा आणि झेंडूचा दोन एकरांचा मळा आहे. मळ्यात घर, घरात मी आणि माझी बायको वच्छला. घराची एक भिंत रस्त्याकडे. त्या भिंतीपासून जे शिकलो ते इथे क्रमाने देतो, म्हणजे नव्या कंपन्यांना उपयोग होईल.

२००६ साली टवटवीन हे पिकांचं टॉनिक वऱ्हाडात आलं. (टवटवीन पानांवर फवारायचं असतं. फवारल्यावर पान ओलं होतं, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.) मोहिमेसाठी कंपनीला हसणारी शेतकरी बाई हवी होती. कंपनीचे प्रचार अधिकारी चंदन साहेब पुण्याहून कॅमेरा घेऊन आले. त्यांनी सात गावांत एकशे एकोणीस चेहरे तपासले. निकाल असा : गंभीर चौऱ्याऐंशी, रडवेले एकतीस, झोपलेले तीन, हसणारा एक. (तो पुरुष होता, आणि कारण विचारल्यावर तोही गंभीर झाला.)

यात लोकांचा दोष नाही. त्या वर्षांत आमच्याकडे वर्तमानपत्रांचे, टीव्हीचे आणि समित्यांचे इतके कॅमेरे येऊन गेले होते, की कॅमेरा दिसला की पदर कपाळावर ओढायचा, चेहरा पाडायचा आणि आभाळाकडे पाहायचं, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. चंदन साहेब "हसा, हसा" म्हणत, आणि बायका हळूच विचारत, "कोन गेलं म्हनून सांगू, साहेब?"

आठव्या ठिकाणी ते आमच्या मळ्यात आले. बायकोच्या दोन्ही हातांत फुलकोबीचे गड्डे होते. साहेब फोटोसाठी मागे सरकले, अजून मागे सरकले, आणि पांढऱ्या बुटांसकट पाण्याच्या पाटात बसले. ती हसली. एरवी तोंडाला पदर लावून हसायची. हात रिकामे नव्हते, म्हणून सगळे दात कॅमेऱ्याने पाहिले. साहेबांनी पाटात बसूनच बटण दाबलं. माणूस कामाचा पक्का.

(कोबी शेणखतावरची होती. टवटवीनची बाटली तिने त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिली आणि विचारलं, "हे खोकल्याचं हाय काय?")

पंधरा दिवसांत अकोल्याचे अब्दुल रहीम पेंटर शिडी घेऊन आले. बडनेरा ते मूर्तिजापूर एक्केचाळीस भिंतींवर त्यांनी तिला काढलं. भिंतीच्या मालकाला मोबदला म्हणून उरलेल्या तीन भिंतींना चुना फुकट. चित्राखाली लिहिलं होतं : "टवटवीन असता रानात, हसू मावेना गालात! – प्रगतीताई, प्रगतिशील शेतकरी." तिचं खरं नाव कंपनीला चाललं नाही. (चाचणी घेतली होती. जुनं वाटलं.)

आमच्या भिंतीवरचा नऊ फुटांचा चेहरा पाहून ती म्हणाली, "रहीमभाऊ, नाक जरासं लहान करा ना."

"भाभी, कंपनीनं मापाचा कागद देला हाय. नाक दीड फूट. कमी केलं तं माहे पैसे कापतीन."

"अन् गावात माहं नाक कापलं गेलं, त्याचं?"

२००७ च्या श्रावणात ती चार दिवसांच्या तापाने गेली.

तेरवीला हार घालायला फोटो लागतो. घरभर शोधलं. लग्नाचा फोटो वाळवीने खाल्ला होता, माझा भाग शिल्लक ठेवून. ओळखपत्रावर चुकून शेजारच्या जाईबाईचा फोटो आला होता. (तेच कार्ड दाखवून ती मत देई, कोणी हरकत घेतली नाही.) कंपनीकडे मूळ फोटो मागितला. उत्तर आलं : "प्रगतीताई ही कंपनीची मालमत्ता असून तिची प्रत नातेवाइकांना देण्याची तरतूद नाही."

राहिली भिंत. नऊ फुटांच्या चेहऱ्याला बावीस फुटांचा हार लागतो. झेंडू घरचाच होता. रहीमभाऊंनी शिडी लावून दोन खिळे ठोकले, आम्ही दोघांनी हार चढवला, आणि पाहुणे रस्त्याकडे पाठ करून तिच्यासमोर जेवायला बसले. एसटीवाल्यांनी हॉर्न वाजवला नाही. वऱ्हाडात याला मान म्हणतात.

हार वाळला की मी नवा घालत गेलो. इथे मोहिमेचा दुसरा टप्पा सुरू होतो. फोटोला हार म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. एसटीत बोलणं व्हायचं :

"अरे, प्रगतीताई गेली!"

"कायनं वो?"

"तुले वाचता येत नाई काय? खाली लिवलं हाय ना. टवटवीननं."

महिनाभरात टवटवीनचा खप बेचाळीस टक्क्यांनी घसरला. चंदन साहेब धावत आले. (बूट काळे. पाटापासून लांब.)

"काका, तो हार काढा."

"काहून?"

"लोकांचा गैरसमज होतोय. प्रगतीताई जिवंत आहेत."

"हार मी माह्या बायकोले घातला, साहेब. तुमच्या प्रगतीताईले मी हात बी लावला नाई."

साहेबांनी बराच विचार केला. मुद्दा बरोबर होता. शेवटी म्हणाले, "मग भिंत पुसावी लागेल."

"पुसू नका," मी म्हणालो. "तिचं दुसरं तोंड नाई माह्याजवळ. हे एवढंच हाय."

"वर कळवतो," ते म्हणाले.

वर कळवलं की सर्वेक्षण होतं. मुंबईहून चार जण आले. पद्धत शास्त्रीय : माणसाला भिंतीकडे पाठ करून उभं करायचं आणि भिंतीवर काय आहे ते विचारायचं. मागे वळून पाहिलं तर उत्तर बाद. चाळीस भिंती मिळून टवटवीनची आठवण निघाली तीन टक्के. आमच्या एकट्या भिंतीवर अठ्ठ्याण्णव. (उरलेले दोन टक्के म्हणजे आमच्या गावचा पुंजाजी. त्याला स्वतःचं घरही विचारून जावं लागतं.)

मुंबईने निर्णय दिला, की खप आज पडतो, उद्या चढतो; आठवण महत्त्वाची. भिंत वाचली. शिवाय उरलेल्या चाळीस भिंतींनाही कंपनीतर्फे हार घालण्यात आला. झेंडू माझ्याच मळ्यातला. बायको असती तर म्हणाली असती, "मेल्यावर चांगला धंदा लावून देला मी तुमाले."

प्रतिस्पर्धी कंपनी कशी मागे राहणार? तिने धामणगावात आपल्या जाहिरातीतल्या खुशालरावांना हार घातला. खुशालराव धडधाकट होते. संध्याकाळपर्यंत दोन जीप भरून नातेवाईक रडत आले. दार खुशालरावांनी उघडलं, चहाही त्यांनीच दिला. तिघं कपबशी टाकून पळाले. चुलत मेहुणा मात्र बसून राहिला. म्हणाला, "आलोच हाओ तं जेवूनच जातो."

यशस्वी मोहीम वेळेवर संपवावी, हा शेवटचा नियम. २००८ च्या उन्हाळ्यात टवटवीन बंद झालं आणि त्याच कंपनीचं सिमेंट आलं. हुकूम निघाला : सगळ्या भिंती पुसा, सिमेंटचा पैलवान काढा. चाळीस झाल्या. एक्केचाळिसाव्या भिंतीपाशी रहीमभाऊ चुन्याची बादली घेऊन आले आणि नुसतेच ओट्यावर बसले.

"सहदेवभाऊ, माहा हात उठून नाई राहिला."

"तुमी नाई केलं तं दुसरा करन."

"दुसरा घट्ट लावन," ते म्हणाले.

मग उठले, बादलीतला अर्धा चुना माझ्या वांग्यांत ओतला, बादली पाण्याने भरली आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे भिंतीला दोन हात दिले. त्यावर पैलवान काढला.

पहिल्या दोन पावसांत पैलवानाच्या मिशीखाली दात दिसू लागले. श्रावणापर्यंत पूर्ण हसू वर आलं. पैलवान आता दोन्ही हातांत फुलकोबी धरून हसतो. दरवर्षी तिथीला मी त्याला हार घालतो. (पैलवान कशाने गेला, याबद्दल एसटीत दोन मतं आहेत.) कंपनीची तक्रार नाही. सिमेंटची आठवण त्र्याण्णव टक्के आहे.

माहिती संपली. आता तुमचं सर्वेक्षण.

पिकांच्या त्या टॉनिकचं नाव सांगा. आलं ना लगेच? खालची कविताही आली असेल. जाहिरातीतल्या ताईचं नाव? तेही आलं. जेवून गेलेला मेहुणासुद्धा तुम्हाला उद्यापर्यंत पुरेल.

आता माझ्या बायकोचं नाव सांगा. मी एकदा लिहिलं आहे, सुरुवातीलाच.

मागे वळून पाहू नका. उत्तर बाद होतं.