उल्हासरावांचा हॅण्डब्रेक

ढकलली तरी हलत नाही अशी दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या सोसायटीत एकच गाडी होती, ती उल्हासची. आणि याचा त्याला भारी अभिमान होता.

दिल्लीची रीत वेगळी. जागा मोजकी आणि गाड्या रोज वाढणाऱ्या, म्हणून लोक गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, हॅण्डब्रेक न लावता खुशाल घरी जात. मागच्याला निघायचं असलं की त्यानं पुढच्या गाड्या ढकलायच्या आणि आपली काढायची. खालच्या मजल्यावरच्या खुराणासाहेबांनी हे उल्हासला प्रेमानं समजावलंही होतं. "गाडी आहे का हातगाडी?" असं घरी येऊन उल्हास म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून हॅण्डब्रेक दोन्ही हातांनी ओढू लागला.

ही शिस्त सासऱ्यांची. राजाभाऊ मिरजेच्या एस.टी. डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. जावयानं गाडी घेतल्याचं कळलं तेव्हा फोनवर त्यांनी आधी हॅण्डब्रेकची चौकशी केली, अभिनंदन नंतर. तेच राजाभाऊ आज पहिल्यांदा दिल्लीत येणार होते. सासूबाई गेल्यापासून ते एकटे होते. त्यांना कायमचं ठेवून घ्यावं म्हणून उल्हासच्या बायकोचा, साधनाचा, जीव तुटत होता. पण "तिथं माझं काय काम?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि परतीचं तिकीट खिशात घालूनच ते निघाले होते.

उल्हास-साधना गणपती करून पुण्याहून कालच परतलेले. सकाळी सासऱ्यांना आणायला निजामुद्दीन स्टेशनला निघायला उल्हास गाडीत बसला. गाडी लगेच सुरू झाली. पहिला गिअर टाकला, तर मागून खाली बसली, कण्हली आणि बंद पडली.

"क्लच प्लेट गयी," खुराणा बाल्कनीतून म्हणाले आणि खाली आले. "बीस दिन से मेरी गाडी इसके पीछे फंसी है, भाईसाब! रोज धक्का मारा. हिली तक नहीं!"

"हिलेगी कैसे? हॅण्डब्रेक लगाया था," उल्हास तशातही ताठ मानेनं म्हणाला.

त्यानं बॉनेट उघडून आत पाहिलं. आत इंजिन होतं, एवढंच त्याला समजलं. खुराणांनी पेट्रोलवर शंका घेतली, मग बॅटरीवर. तेवढ्यात साधना थर्मास घेऊन उतरली. तिनं पुन्हा गिअर टाकायला लावून मागच्या चाकाकडे पाहिलं.

"अरे, चाक फिरतच नाहीये! ब्रेक धरलाय. तीन आठवडे करकचून ओढून ठेवलास, वर रोज टँकरचं पाणी गळतंय इथं. आतला ब्रेक गंजून ड्रमला चिकटलाय."

"तुला कसं कळलं?"

"आमच्याकडे जेवताना दुसरं बोलणं काय व्हायचं?"

पुढच्या चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला, मागचं चाक काढलं. हातोडी घरात नव्हती, म्हणून साधनानं खलबत्त्यातला बत्ता आणला आणि ड्रमवर कडेकडेनं ठोकायला सुरुवात केली. "भाभीजी, चटनी बन रही है?" खुराणांनी विचारलं. एवढ्यात टक्क आवाज झाला आणि ड्रम सुटला. हातानं फिरवला तर गरगर फिरला. खुराणांनी टाळ्याच वाजवल्या.

"आज हॅण्डब्रेकला हात लावू नकोस, परत धरेल," साधनानं बजावलं. "आणि बाबांना यातलं काही सांगू नकोस."

उल्हासनं स्टेशनबाहेर, आयुष्यात पहिल्यांदाच, गाडी न्यूट्रलमध्ये सोडली. सासऱ्यांना घेऊन तो परतला, तेव्हा जागेवर दुसरीच गाडी उभी होती.

"इथंच लावली होती," तो घाम पुसत म्हणाला.

"हॅण्डब्रेक लावला होता?" राजाभाऊंनी विचारलं. उल्हासनं बॅग या हातातून त्या हातात घेतली.

शेवटी गाडी सापडली. ढकलत ढकलत लोकांनी ती पार कडुलिंबाखाली नेली होती आणि तिच्यापुढे एक लांबलचक गाडी आडवी लावली होती. झालं, पहिल्याच तासात दिल्ली सासऱ्यांच्या मनातून उतरली, असं उल्हासला वाटलं. मागून कोणीतरी ओरडलं, "अंकलजी, जरा हाथ लगाओ!"

राजाभाऊंनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. आधी त्या लांबलचक गाडीच्या काचेतून आतला हॅण्डब्रेक खाली असल्याची खात्री केली, मग खांदा लावला. गाडी सुळकन सरकली. "वाह! क्या दम है अंकलजी में!" चार अनोळखी माणसांनी त्यांची पाठ थोपटली. घरी पोचेपर्यंत ते मिशीत हसत होते. ते पाहून उल्हास इतका सुखावला की सोसायटीत शिरल्यावर सवयीनं त्यानं हॅण्डब्रेक ओढला, तोही दोन्ही हातांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारावर थापा पडल्या. उल्हासनं दार उघडलं. खुराणा उभे होते, आणि त्यांच्या शेजारी घामानं चिंब झालेले राजाभाऊ.

"सकाळपासून खाली सहा गाड्या काढून दिल्या मी. लोक हाका मारून बोलावतायत!" ते धापा टाकत म्हणाले. "एकच गाडी अडून बसलीये. उल्हासराव, हॅण्डब्रेक लावायची ही काय पद्धत झाली?"

उल्हास गाडीची किल्ली शोधायला वळला.

"आणि साधना," राजाभाऊंनी आत डोकावून खिशातलं तिकीट पुढे केलं, "हे रद्द कुठं करतात गं इथं?"